हेफसीबा, मधला सी लांब

बाईंचं नाव हेफसीबा होतं. पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण अडतीस वर्षांत हे नाव माझ्या तोंडातनं त्यांच्यासमोर एकदाही धड निघालं नाही. आमच्या गल्लीत त्यांना सगळे हापसाबाई म्हणायचे. ते नाव मी ठेवलं. दुसऱ्या कुणावर ढकलण्यात अर्थ नाही.

मी हापशाचा मेस्त्री. पंचायतीच्या दुरुस्ती पथकात होतो. गावोगावचे हातपंप उघडायचे, खालचा वायसर बदलायचा, साखळीला ग्रीस लावायचं, दांडा मारून पाणी काढून दाखवायचं आणि पुढच्या गावाला जायचं. शाळा चौथीपर्यंत. नाव मात्र ज्ञानदेव. आईनं हौसेनं ठेवलं, पण तिच्याशिवाय कुणाच्या तोंडात बसलं नाही. घरात ग्यानू, गल्लीत मेस्त्री, पथकात नुसतं वायसर. आमच्या कोल्हापुरात खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नाच्या पत्रिकेवर असतं. बाकी जन्म टोपणनावावर निघतो. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. कसं घडलं ते कळावं म्हणून सांगतो.

बाई आल्या तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत समोरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. टेम्पोतनं त्यांचं सामान उतरलं ते एवढंच: पायाचं शिलाई मशीन, लोखंडी खाट, एक ट्रंक आणि काळी छत्री. माणूस दुसरं कुणी नाही. वय चाळिशीचं, पांढरं लुगडं, निळा काठ, गळ्यात मापाची टेप, जणू मंगळसूत्रच. मशीन जड होतं म्हणून मी एका बाजूनं हात दिला. मी राधानगरीकडनं तीन हापसे करून आलेलो, कोपरापर्यंत ग्रीस.

"नाव काय म्हनायचं बाई?" मी विचारलं.

"हेफसीबा."

"काय?"

"हेफसीबा. मधला सी लांब."

"हापसाबा?" मी हसलो. "मग आमच्याच भावकीतल्या की तुमी. मी हापशाचाच मेस्त्री."

कोपऱ्यावर चारपाच जण उभे होते. ते हसले. तेवढ्यावर काम झालं. बाईंनी मशीन खाली ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि मला विचारलं, "तुमचं नाव?"

"मेस्त्री म्हनत्यात."

"ते काम झालं. नाव?"

"ज्ञानदेव."

"बरं, ज्ञानदेव. हात दिलात, आभारी आहे."

त्या दिवसापासनं त्यांनी मला ज्ञानदेव म्हणायला सुरुवात केली. 'ज्ञ' नीट काढून. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. सवय नसल्यामुळं पहिले चार दिवस मी वळूनच बघायचो नाही.

नावाची चर्चा मात्र गल्लीत चांगली महिनाभर चालली. प्रत्येकाला मत होतं. कोपऱ्यावरचा किराणावाला बसाप्पा, मूळचा निपाणीकडचा, घरात कानडी बोलणारा, तो म्हणाला, "हब्ब म्हंजे आमच्यात सण. सणाला जन्मली आसंल, म्हनून हब्बसीबा." कुणी म्हणालं मुसलमानांत हफ्सा असतं, त्यातलंच. आमचे मास्तर, शाळेतनं निवृत्त झालेले, त्यांनी कागदावर लिहून फोड केली: "हे, फसी, बा. म्हणजे बापाला उद्देशून काहीतरी आहे." एकानं तर ठामपणे सांगितलं की गोऱ्या साहेबाच्या कुत्रीचं असलंच नाव असायचं, त्यानं लहानपणी ऐकलंय.

माझी बायको शांता भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आवो, ती समोर तर बसलीया. तिला इचारा की."

अख्ख्या गल्लीला मत होतं. विचारायला कुणी गेलं नाही. शांता गेली. शिवण शिकायचं निमित्त करून गेली आणि जन्माची मैत्रीण होऊन आली.

बाईंचा शिवणक्लास सुरू झाला. त्यांची शिकवायची रीत गल्लीत कुणी पाहिली नव्हती. ओठांत चारपाच टाचण्या धरून त्या बोलायच्या. शब्द टाचण्यांमधनं वाट काढत यायचे, पण एकही अक्षर मोडायचं नाही. कानामागं खडूचा तुकडा. खांद्यावर कायम रंगीबेरंगी दोऱ्यांची तुटकी टोकं, त्यावरनं आज कुठल्या रंगाचं झंपर झालं ते कळायचं. टीप वाकडी गेली की पोरीच्या पाठीवर एक बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "उसव." रागानं नाही. 'पाणी पी' म्हणावं तसं. पोरगी रडकुंडीला आली तर, "उसवायला लाज कसली? चुकीवर परत शिलाई मारायची, ती लाज."

आणि एक. नवीन पोरगी आली की वहीत तिचं पूर्ण नाव लिहायच्या. गल्लीत सगळ्या चिमी, बाळी, सुनी. बाई म्हणायच्या, "हे नाही. नाव सांग." माझी लेक सुनंदा. आम्ही तिला सुनी म्हणत आलो, इचलकरंजीला दिली तरी आम्ही सुनीच म्हणतो. बाईंनी एकदाही सुनी म्हटलं नाही. लेकीला कुणी तरी अख्ख्या नावानं हाक मारतंय म्हणून ती त्यांच्यापुढं ताठ बसायची. घरात कधी बसली नाही तशी.

आता पाटीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

क्लासला पाटी पाहिजे होती. माझा दोस्त बंडू पेंटर. मी म्हणालो, मी करून आणतो. बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात नाव लिहून दिलं. एकेक अक्षर सुटं, सुबक, सीची वेलांटी मुद्दाम लांब ओढलेली. "ज्ञानदेव, हे बघून लिहायला सांगा. तोंडी सांगू नका." मी कागद सदऱ्याच्या खिशात घातला. बंडूकडं गेलो तेव्हा त्याच्याकडं चहा चालला होता, माणसं होती. कागद खिशातच होता. पण मी म्हणालो, "लिही रं, हे, फसी, बा. हे फसलं बा, तसंच." सगळे हसले. बंडूनं तसंच लिहिलं. तीन शब्द, मध्ये बोटबोटभर जागा. 'हे फसी बा शिवणक्लास.'

पाटी लागली. येणारा जाणारा थांबून वाचायचा आणि म्हणायचा, "हे फसलं बा." शिवणक्लासवर तसली पाटी. जिचं झंपर तंग झालंय तिला तर आयतंच.

बाई पाटीकडं बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कागद दिला होता ना?"

"त्यो पेंटर बेनं हाय, बाई. चष्मा नसतोय त्याला. मी कागद दाखवला हुता."

बंडू आता हयात नाही. इतकी वर्षं त्याच्या नावावर ती चूक चालली. तो कागद मी घरी गेल्यावर काढला, ग्रीस लागून तेलकट झाला होता. चुलीत टाकला.

बाईंनी पाटी परत केली नाही. खडूनं दोन शब्दांच्या मधल्या जागेत छोट्या रेघा ओढल्या, अक्षरं जोडून टाकली. पावसानं रेघा जायच्या. त्या परत ओढायच्या. कितीतरी वर्षं मी सकाळी दात घासताना समोर बघायचो, तर बाई स्टुलावर उभ्या राहून आपलं नाव जोडत असायच्या.

पोरं टोरं नव्हेत, चांगली मिशावाली माणसं कोपऱ्यावर उभी राहून त्या जाताना हात खालीवर करायची, दांडा मारल्यासारखी, तोंडानं खटाक खुट, खटाक खुट. एकदा मी त्यांच्यातच उभा होतो. हात हलवत नव्हतो, पण उभा होतो. बाई थांबल्या. छत्री टेकली. म्हणाल्या, "बिघडलेला दिसतोय. आवाज कोरडा येतोय. मेस्त्री इथेच आहेत, दाखवून घ्या."

सगळे माझ्याकडं बघून हसले. बाई निघून गेल्या. मला बरं वाटलं, की बाई खेळकर आहेत, त्यांना लागत नाही. माणसाला सोयीचं तेवढंच कळतं.

मग ती दुपार आली. सुनंदा तेव्हा सातवीआठवीत असेल. माझं काम बिद्रीच्या बाजूला होतं, लवकर उरकलं. घरी आलो तर शांता आणि बाई उंबऱ्यावर बसून गोधडीला टाके घालत होत्या. मी मागल्या दारानं आत गेलेलो, त्यांना माहीत नव्हतं. शांतानं विचारलं, "बाई, नावाचा अर्थ काय वो तुमच्या? कवापास्नं इचारीन म्हंतीया."

बाई ओठांतल्या टाचण्या काढून ठेवत असाव्यात. मग म्हणाल्या, "मला मिशनच्या बोर्डिंगच्या पायरीवर कुणी तरी ठेवून गेलं होतं. तिथे रूथबाई म्हणून सांभाळणाऱ्या होत्या. रजिस्टरात दुसऱ्याच कुणी लिहून ठेवलं होतं, टाकलेली मुलगी. नावाच्या जागी. रूथबाईंनी ते खोडलं. आमच्या शास्त्रात एका जागी देव एका नगरीला सांगतो, की तुला आता कुणी टाकलेली म्हणणार नाही, तुझं नाव हेफसीबा. इब्री शब्द आहे, यहुद्यांच्या जुन्या भाषेतला. माझा आनंद तिच्यात आहे, असा अर्थ."

"मंजे तुमच्यात?"

"हो. माझ्यात." बाई हसल्या. "रूथबाई हाक मारायच्या ना, तो सी लांबवायच्या. हेफसीऽबा. अंगणाच्या त्या टोकाला ऐकू यावं म्हणून. परवा आमचे नवे पाळक आले, शिकलेले आहेत, म्हणाले इब्रीत असं नाही म्हणत, घशातनं म्हणायचं, खेफ्त्सीबा. मी म्हटलं, साहेब, तिकडे तसं असेल. मला ज्या तोंडानं पहिली हाक मारली, त्या तोंडाचा उच्चार खरा. मला आईबाप नाहीत, आडनाव नाही, त्यांचंच नाव लावते. मला कुणी काही दिलं असेल तर हे चार अक्षरांचं नाव तेवढं."

शांता रडत होती. मला आतनं नुसता सुईचा आवाज येत होता.

म्हणजे त्या दिवसापासनं मला माहीत होतं. हे मी इथं ठळक लिहितो. आधीचं अडाणीपणात गेलं म्हणा. पण दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर उभा होतो, पानतंबाखू चालली होती, बाई भाजी घेऊन आल्या आणि माझ्या तोंडातनं गेलं, "काय हापसाबाई, आज वांगी काय?" चार जण होते. चार जणांसमोर मी एकदम नाव बदललं असतं तर ते म्हणाले असते, मेस्त्री, काय भानगड? त्या चार जणांची मला भीती. आज त्यातले तीन गेले. राहिलेल्याला ऐकू येत नाही.

शांता मात्र बदलली. ती त्यांना नीट हाक मारायची, सी लांब करून. आमच्या दारातनं त्यांच्या दारात. मला वाटायचं, बायकांचं काय, चालतंय.

पुढं एकदा मतदारयादीवाला माणूस घरोघर फिरत आला. बाई त्यांच्या प्रार्थनेला गेलेल्या, दाराला कुलूप. त्यानं मला विचारलं, "समोर कोन राहतंय?"

"हापसाबाई."

"पूर्ण नाव?"

"हापसाबाई रूथ. एकलीच हाय."

त्यानं लिहून घेतलं. खरं सांगतो, त्या वेळी मी चेष्टा पण करत नव्हतो. ते नाव माझ्या जिभेवर इतकं बसलं होतं की दुसरं आठवलंच नाही. हे चेष्टेपेक्षा वाईट.

मतदानाच्या दिवशी आम्ही सगळे शाळेत रांगेत. टेबलावरच्या माणसानं मोठ्यानं वाचलं, "हापसाबाई रूथ." रांगेत खसखस पिकली. बाई पुढं गेल्या. शांता माझ्या मागं उभी होती, तिनं माझा दंड धरला, नखं रुतली. बाईंनी यादीत बघितलं. त्या माणसाला वाटलं काही चुकलंय, तो म्हणाला, "तुमीच ना?"

"हो," बाई म्हणाल्या, "मीच." आणि बोट पुढं केलं.

परतताना माझ्याजवळ थांबल्या. बोटावरची शाई ओली होती. म्हणाल्या, "ज्ञानदेव, आता सरकारनेही तुमचं ऐकलं."

एवढंच. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दोनदा भरला. एकदा परत आला, एकदा आलाच नाही. पुढं एका कागदावरनं दुसरा कागद होत गेला, रेशन कार्ड झालं, आधार झालं, सगळीकडं हापसाबाई. पाटीवरच्या रेघा ओढायचं त्यांनी त्याच सुमाराला बंद केलं. मला तेव्हा लक्षात आलं नाही. शांताला आलं. ती म्हणाली, "बघा, आज रेघा न्हाईत." मी म्हणालो, "गुडघं दुखत असतील."

शांता आजारी पडली ती शेवटचे आठ महिने अंथरुणावर. उजवा हात उचलत नव्हता. झंपर घालायचं म्हणजे मारल्यासारखी ओरडायची. बाईंचं वय तेव्हा ऐंशीला टेकलं होतं, डोळ्यांना कमी दिसत होतं, क्लास कधीच बंद झाला होता. त्यांनी शांतासाठी झंपरं शिवली, पुढनं पूर्ण उघडी, खांद्यावर बंद, की हात न उचलता नुसतं पांघरल्यासारखं घालावं आणि बांधावं. बंदाची गाठ कुठं टोचते ते बघायला स्वतः अंगात घालून खाटेवर झोपून बघायच्या. नऊ झंपरं. एकेकाचा रंग शांताला विचारून. शेवटचं मोरपंखी होतं, ते ट्रंकेत आहे. बंद अजून घट्ट आहेत.

जायच्या आधी दहाबारा दिवस शांता मला म्हणाली, "एक सांगू? कराल?"

"सांग की."

"तिला एकदा नावानं हाक मारा."

मी तिच्या झंपराचा बंद उगाच नीट केला.

"मी आसताना मारा म्हनत न्हाई. तुमास्नी लाज वाटंल. मी गेल्यावर मारा. पर मारा. मला म्हाईत हाय त्यो पाटीचा कागद तुमी जाळला. राख बघितली हुती मी."

तीस वर्षांवर ती राख तिनं पोटात ठेवली होती. मी म्हणालो, "मारतो."

"सी लांब," ती म्हणाली.

शांता गेली त्या दिवशी बाई सकाळपासनं तिच्या उशाशी बसून होत्या. माणसं येत होती, जात होती. तिला उचलायची वेळ झाली तेव्हा बाईंना उठता येईना, पाय आखडले होते. मी जवळ गेलो. आता हाक मारायची, माझ्या मनानं ठरलेलं होतं, हीच वेळ. मी हात पुढं केला आणि म्हणालो, "उठा, हापसाबाई."

जीभ. अडतीस वर्षं एकाच खाचेत फिरलेली. पंपाचा दांडा एका बाजूला झिजला की नवीन बोल्ट टाकला तरी तो त्याच बाजूला कलतो, तसं.

बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. काय म्हणायचं होतं आणि काय निघालं, ते त्यांना कळलं. मला खात्री आहे की कळलं. माझा हात धरून उठल्या आणि म्हणाल्या, "असू द्या, ज्ञानदेव."

त्यानंतर मी रोज उद्या म्हणत राहिलो. समोर तर राहतात, कुठं जातायत. पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात बाई न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. मी सुनंदाकडं इचलकरंजीला होतो. परत आलो तर समोर कुलूप. बसाप्पा म्हणाला, "त्यांच्या मंडळीतली मान्सं आली हुती, घिऊन गेली. चंदगडकडं म्हातारी मान्सं ठेवायचं घर हाय म्हनं त्यांचं." पाटी दारावर तशीच होती. हे फसी बा. मी ती काढून घरात आणली. भिंतीला तोंड करून ठेवली.

जायला अजून चार महिने काढले. सुनंदा फोनवर म्हणायची, "आबा, आईला सबूद दिलाय न्हवं?" मी म्हणायचो, गुडघं, पाऊस, यष्टी. शेवटी मागल्या श्रावणात एका सकाळी मोरपंखी झंपराची ट्रंक उघडली, परत लावली, आणि स्टँडवर गेलो.

चंदगडची गाडी. काचा बंद, बाहेर नुसतं पांढरं, पावसानं डोंगर दिसत नव्हता. मी खिडकीला तोंड लावून नाव घोकायला लागलो. हेफसीबा. हेफसीऽबा. दर चारपाच वेळांनी जीभ घसरून हापसा व्हायचं. मग पहिल्यापासनं. शेजारी काजूचं पोतं पायात घेऊन बसलेला माणूस बराच वेळ ऐकत होता.

"पावणं, कसला जप म्हनायचा ह्यो?"

"जप न्हवं. नाव हाय."

"कुन्या देवाचं?"

"देवाचं न्हवं. एका बाईचं."

त्यानं माझ्या पांढऱ्या मिशीकडं बघितलं. "ह्या वयात?" म्हणाला, आणि पोतं जरा लांब सरकवून बसला.

मला हसू आलं. शांता गेल्यापासनं पहिल्यांदाच बहुतेक. शांता असती तर तिला सांगितलं असतं, आणि ती म्हणाली असती, मग, बरोबरच म्हनाला त्यो.

ते घर बरं होतं. कौलारू, लांबट, पुढं व्हरांडा. चिखलाच्या चपला काढून मी उभा राहिलो. एक काम करणारी पोरगी आली, तिकडचीच. मी म्हणालो, कोल्हापूरच्या बाई. ती म्हणाली, "त्या बाकड्यावर हायत बघा. पर वळकनार न्हाईत. हल्ली इसरत्यात समदं. कवा जेवल्या तेबी इसरत्यात."

व्हरांड्याच्या टोकाला बाई बसलेल्या. पाठमोऱ्या. खूप लहान झाल्या होत्या. खांद्यावर शाल, आणि शालीवर, खोटं सांगत नाही, दोऱ्यांची तुटकी टोकं. मांडीवर चादर घेऊन तिची टीप नखानं उसवत होत्या. पोरगी म्हणाली, "रोज उसवत्यात. आमी परत शिवतो. पुन्यांदा उसवत्यात."

मी चार पावलांवर थांबलो. घसा साफ केला. आणि म्हणालो, "हेफसीबा."

निघालं. अगदी बरोबर निघालं. सी लांब.

बाई उसवत राहिल्या.

परत म्हणालो, मोठ्यानं. पाऊस कौलांवर वाजत होता, म्हणून वाटलं ऐकू गेलं नसेल. "हेफसीऽबा." अंगणाच्या त्या टोकाला जावी अशी हाक. बाकीच्या दोन म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. बाईंनी नाही. तिसऱ्यांदा मी पुढं जाऊन, अगदी खांद्यामागं उभा राहून म्हणालो. त्यांच्या नखात दोरा अडकला होता, तो त्या सोडवत होत्या.

पोरगी म्हणाली, "आबा, त्ये कुनाचं नाव? त्यांचं नाव हापसाबाई हाय. कागदावर तसंच हाय. तसं म्हना, मग बगत्यात."

मी व्हरांड्यात मागंपुढं बघितलं. मग म्हणालो. दुसरं काय करणार. खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणालो, "हापसाबाई."

बाईंनी लगेच मान वळवली. डोळे पाणावलेले, पांढुरके. माझ्या तोंडावरनं फिरले, मिशीवर थांबले.

"कोण?" म्हणाल्या. "ज्ञानदेव?"

'ज्ञ' नीट काढून.

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी विचारलं, "शांताबाई नाही आल्या?" मी म्हणालो, "न्हाई. तिनं धाडलंय मला." मग धीर करून म्हणालो, "बाई, तुमचं नाव हेफसीबा."

त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. ओठ मिटलेले, टाचण्या धरल्यासारखे. "पुन्हा म्हणा," म्हणाल्या.

"हेफसीबा."

"चांगलं नाव आहे," बाई म्हणाल्या. "कोणाचं?"

मी सांगितलं, तुमचं. रूथबाईंनी ठेवलेलं. अर्थही सांगितला, तेव्हा मागल्या दारानं जसा ऐकला होता तसाच. त्या हसल्या, माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरली, टीप बघितली, सोडली. म्हणाल्या, "नाही हो. माझं हापसाबाई. विचारा ना कोणालाही."

दुपारची शेवटची गाडी होती. पोरीनं छत्री दिली फाटकापर्यंत. मी फाटकाशी जाऊन मागं बघितलं. व्हरांड्यात बाईंची मान परत खाली गेली होती, चादरीतनं लांबच लांब पांढरा दोरा त्या ओढून काढत होत्या, हात डोक्याच्या वर जाईपर्यंत. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पावसातनं हाक मारली.

"ज्ञानदेव, सावकाश जा."

हाक स्पष्ट ऐकू आली. एकही अक्षर मोडलं नव्हतं.